आकडा बसेपर्यंत

"आता बरं दिसतंय, की मघाचं बरं होतं?" चष्मेवाल्याने पुन्हा विचारलं आणि तिला पुन्हा ठरवता येईना. डोळ्यांवर ती जड चौकट, तिचा सगळा भार नाकाच्या हाडावर, समोरच्या भिंतीवरच्या उजळ चौकोनात अक्षरांच्या ओळी, वरच्या ढोबळ, खालच्या मुंगीएवढ्या. चष्मेवाला एक काच काढायचा, दुसरी सरकवायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. त्याच्या बोटांना स्पिरिटचा वास होता. मघाचं आणि आताचं यांत फरक होता, नाही असं नाही. पण कुठलं बरं हे सांगायचं तर आधी बरं म्हणजे काय ते ठाऊक हवं. "सारखंच आहे," ती म्हणाली. "सारखं कसं असेल बाई? काच बदलली ना मी," तो म्हणाला. तो वैतागला नव्हता, त्याला गंमत वाटत होती. "ही परीक्षा नाही. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नका. चष्मा तुमचा चुकेल, माझं काय जातंय?" तेवढ्यात मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. एरवी तिने तो बघितला नसता, पण उत्तर टाळायला निमित्त हवंच होतं. ती ज्यांच्या हाताखाली शिकली त्या सरांच्या लेकीचा निरोप होता. 'काटकोनकाका आज सकाळी गेले. हृदय. बाबांना सांगितलंय. रडले, पण खचले नाहीत. म्हणाले, जाण्याआधी आमचं मिटलं हे बरं झालं. तुझ्या आकड्यामुळे मिटलं गं. तुझे उपकार कसे फेडायचे?' चौकटीतल्या काचेतून अक्षरं अगदी स्वच्छ दिसत होती. एकेका काना-मात्रेची कड दिसत होती. "ही बरी," ती म्हणाली. "बघा," चष्मेवाला म्हणाला, "खरं सांगितलं की कसं पटकन होतं."

बाहेर रस्त्यावर ऊन होतं आणि डोळ्यांत टाकलेल्या थेंबांमुळे ते चौपट झालं होतं. दुकानांच्या पाट्या पांढऱ्या पडल्या होत्या, माणसं जवळ येईपर्यंत नुसती रंगाची होती. ती भिंतीच्या कडेकडेने चालत राहिली. काटकोन गेले. तो माणूस खुर्चीत बसला की पाठीचा आणि मांड्यांचा बरोब्बर नव्वद अंशांचा कोन व्हायचा, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं ते नाव. मग सहकाऱ्यांनी उचललं आणि पुढे पुढे तर त्यांची बायकोही 'आमचे काटकोन' म्हणायला लागली. सर आणि ते एका बाकावर शिकले, एका खोलीत राहिले, एकाच्या लग्नात दुसरा नवरदेवापेक्षा जास्त मिरवला. मग दोघांचं फाटलं. लोकांचं जमिनीवरून फाटतं, एखाद्या बाईवरून फाटतं. या दोघांचं फाटलं एका ताऱ्यावरून, तोही असा की नुसत्या डोळ्यांना कधी दिसायचा नाही. हा विनोद ती नव्या विद्यार्थ्यांना हमखास सांगत असे आणि ते हमखास हसत. आज तो तिला विनोद वाटेना.

ताऱ्याचा प्रकाश फोडला की रंगांचा पट्टा मिळतो आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या अणूने तेवढा प्रकाश गिळल्याची खूण. रेघ कुणाची हे ओळखता येतं, पण गिळणारे किती होते हे नुसत्या रेघेवरून कळत नाही. पंगतीतला भात संपला एवढ्यावरून जेवणारे किती होते ते कसं सांगणार? एकेकाची भूक किती ते आधी माहीत हवं. अणूच्या त्या भुकेचा आकडा असतो, आणि ती तोच काढायची. गेली वीसेक वर्षं तिचं हेच काम. सरांनी तरुणपणी त्या ताऱ्यात एका दुर्मिळ धातूची रेघ पकडली होती. तेव्हा हाताशी होता त्या आकड्याप्रमाणे तो अणू अगदीच मितभोजी होता, म्हणजे एवढी रेघ उमटवायला अणू भरपूर लागले असणार, म्हणजे तारा त्या धातूने गच्च भरलेला. श्रीमंत तारा. सरांचं नाव झालं, ताऱ्याचं चित्र पाठ्यपुस्तकात गेलं, आणि अशा ताऱ्याआधी काय काय घडून गेलं असेल यावर इतरांचीही घरं चालली. मग एका भरल्या सभागृहात काटकोन उभे राहिले आणि म्हणाले, "तारा श्रीमंत नाही. अणू खादाड आहे." सभागृह हसलं. काटकोनांनी पुढे फळाभर गणित मांडलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, हसणं तेवढं राहिलं. त्या काळच्या यंत्रांवर त्यांना ते सिद्ध करता आलं नाही आणि सरांना खोडता आलं नाही. प्रयोगशाळेत मोजावं तर रेघ इतकी फिकट की हाती लागायची नाही. सरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. लेकीच्या लग्नाचंही कळवलं नाही.

इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात, हीच सगळी अडचण. एकाने कूस बदलली की सगळ्यांची झोपमोड. त्यामुळे अणू कुठल्याच एका मांडणीत सुखाने बसलेला नसतो. बराचसा या मांडणीत, थोडा त्या, चिमूटभर तिसऱ्या. तिचं काम म्हणजे या मांडण्या पायरीपायरीने वाढवत जायचं. पहिल्या पायरीवर थोड्या, दुसऱ्यावर हजारो, पुढे लाखांच्या हिशेबात. प्रत्येक पायरीवर आकडा हलतो. मग कधीतरी हलायचा थांबतो. एकदा थांबला म्हणून भागत नाही; आणखी दोन पायऱ्या चढूनही जागचा हलला नाही, तर म्हणायचं, आकडा बसला. आणि बसेपर्यंत त्याचा उच्चार कुठे करायचा नाही. हा नियम तिला काटकोनांनीच घालून दिला होता. तिच्या पदवीच्या तोंडी परीक्षेला ते बाहेरून आले होते. सगळी परीक्षा ताठ बसून ऐकली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "हा आकडा बसलाय म्हणून थांबलीस, की बरा वाटला म्हणून थांबलीस?" थांबली होती ती बरा वाटला म्हणूनच. छापलेल्या जुन्या आकड्याशी तो छान जुळत होता. आमच्या धंद्यात पाप असलं तर एवढंच, ते नंतर जिन्यात तिला म्हणाले होते, आणि ते करताना माणसाला पाप केल्यासारखं वाटत नाही, जुळल्याचा आनंद होतो. तेव्हापासून ती इतकी जपून वागायला लागली की संस्थेत तिचं नाव सावकाशबाई पडलं.

आणि सावकाशबाईंनी काय केलं? सरांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली, डॉक्टर खूश, आणि सरांनी मात्र भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. खाणं बंद. चमचा पुढे केला की ओठ मिटायचे. लेक बाहेर येऊन रडायची. ती भेटायला गेली तेव्हा खोलीत फिनेलचा वास होता आणि उशाशी झाकलेलं सूप गार होऊन त्यावर साय धरली होती. सरांनी मान वळवली नाही. भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "माझ्या रेघेचा आकडा?" त्याच दिवशी सकाळी तिची तिसरी पायरी संपली होती आणि आकडा सरांच्या जुन्या आकड्याला केसाच्या अंतराने भिडला होता. या रेघेचं तर विशेष होतं. तिचा आकडा म्हणजे दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी; एखादी जरा हलली की उरलेलं दुप्पट होईल नाहीतर गायब होईल. असल्या रेघेचा तिसऱ्या पायरीवरचा आकडा म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती म्हणाली, "आला, सर. तुमचाच आहे." सर वळले. आधी डोळे वळले, मग चेहरा, मग सगळं अंग. "माझाच?" म्हणाले आणि त्यांच्या पांढऱ्या खुंटांच्या गालावर काहीतरी हललं. मग लेकीला म्हणाले, ते सूप गरम करून आण.

मी 'आला' म्हटलं, 'बसला' म्हटलं नव्हतं, असं तिने पुढचे कितीतरी दिवस स्वतःला सांगून पाहिलं. चौथ्या पायरीवर आकडा हलला. जरासा नव्हे, जिना उतरताना पायरी चुकावी तसा. पाचव्या पायरीवर सरांच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. सहाव्यावर तिथेच, सातव्यावर तिथेच. बसला. खुर्चीत पाठ ताठ करून बसावा तसा बसला. अणू खादाड होता. तिला हसू यायला हवं होतं, इतकं ते स्वच्छ होतं. त्याऐवजी तिने सगळं गणित पुसून पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मग मांडण्यांचा क्रम बदलून लावलं. मग दुसऱ्याच पद्धतीने लावलं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःची चूक सापडावी म्हणून तळमळत होती. यंत्रखोलीचा माणूस, जाडजूड, सदा मफलर गुंडाळलेला, कारण आत संगणकांसाठी थंडी असायची, तो एकदा तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, तुमचं बाळंतपण काही उरकत नाही," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यातही हेच उत्तर आलं होतं, त्याच्या मागच्याही. बाकीची मंडळी रांगेत उभी आहेत. आकडा आवडला नाही का तुम्हाला?" "तपासतेय," ती म्हणाली. "तपासा. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढं म्हातारी माणसं सांगून गेलीत." तो सहज बोलला होता. पण चोराच्या मनात चांदणं. ती दिवसभर विचार करत राहिली, याला काय कळलं असेल?

आणि त्याच आठवड्यात, ती भाजी घेत असताना, हातात टोमॅटोची पिशवी आणि पर्समध्ये बसलेला आकडा, असा सरांच्या लेकीचा फोन आला होता. आवाजात नुसता आनंद. "अगं, बाबांनी काटकोनकाकांना फोन केला! आपणहून! तुझा आकडा सांगितला. काका म्हणाले, मग माझं चुकलं. असं म्हणाले गं! दोघं रडले. आज बाबा दोनदा जेवले." भाजीवाली सुट्ट्यासाठी हात पसरून उभी होती. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. थांब, आकडा हलला आहे, एवढंच. काटकोन जिवंत होते, त्यांच्या घरी फोन होता, नंबर तिच्याकडे होता. ती म्हणाली, "अरे वा." ते 'अरे वा' तिला आता या उन्हात पुन्हा ऐकू आलं, नेमक्या त्याच गोड आवाजात, आणि तिला स्वतःची शिसारी आली. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, बाईंना ऊन लागलं.

असा गोड आवाज तिच्याकडे लहानपणापासून होता. तिचे वडील धान्याच्या गोदामात काटे तपासायचे, उभा जन्म त्यात गेला. कुठल्याही वजनकाट्याजवळ उभे राहिले की ते बोटाने हलकेच टिचकी मारून ऐकत, डॉक्टर पाठीवर टिचकी मारून ऐकतात तसे. शेवटच्या आजारात ते वाळत चालले होते. डॉक्टरांनी घरी वजन करायला सांगितलं होतं, म्हणून एक काटा आणला होता, पाय ठेवायला रबराचं पट्ट्यापट्ट्यांचं आवरण असलेला. बाबांना वाकता येत नव्हतं, म्हणून आकडा वाचायचं काम तिचं. एके सकाळी तिने पाहिलं, आई न्हाणीघरात उकिडवी बसून काट्याच्या पोटाखालचं दातेरी चाक अंगठ्याने फिरवत होती. आईने वर पाहिलं. मग बाबा आले, दाराची कड धरून काट्यावर चढले, त्यांची नखं जांभळट झाली होती, आणि म्हणाले, "किती गं?" तिने आकडा वाचला. काट्यावर होता तोच वाचला, म्हणजे खोटं बोलली असं कुणी म्हणू शकलं नसतं. "वा, वाढलं की," बाबा म्हणाले. आई पदराने हात पुसत राहिली. पुढे दर आठवड्याला आई चाक फिरवायची आणि ती वाचायची, आणि बाबा दरवेळी 'वा' म्हणायचे. आयुष्यभर काटे तपासलेल्या माणसाला ते कळलं नसेल? हा प्रश्न तिने आईला कधी विचारला नाही आणि आता विचारायला आई नव्हती. कळलं असेल, तर त्या बिचाऱ्याला शेवटी घरात कुणाशी खरं बोलायचीच सोय राहिली नव्हती.

ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. संस्थेकडे जायचा रस्ता डावीकडे, सरांच्या घराचा सरळ. डावीकडे वळून खोलीत बसावं, लेख लिहून टाकावा, छापून येईल तेव्हा येईल, सर काही आता नियतकालिकं वाचत नाहीत, असा विचार तिने पुरता करून पाहिला. त्यात काही चुकीचं नव्हतं. सर आनंदात राहतील, काटकोन तर गेलेच. झाकली मूठ. ती सरळ चालत राहिली, पण ठरवलं होतं म्हणून नव्हे. तिथे जाऊन काय बोलायचं हे तिला सरांच्या इमारतीची लिफ्ट वर जाईपर्यंत माहीत नव्हतं. लिफ्टच्या आरशात तिचे डोळे थेंबांमुळे भलतेच मोठे आणि काळे दिसत होते, एखाद्या निष्पाप बाईचे असावेत तसे.

दार लेकीने उघडलं आणि तिला मिठीच मारली. "बरं झालं आलीस. तुझीच वाट बघतायत. परवा शोकसभा आहे, तिथे बोलायचं म्हणतायत. डॉक्टर नको म्हणाले, पण ऐकतील तर ना. तू फक्त जड काही बोलू नकोस हं." आत सर खिडकीशी बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा, पुढ्यातल्या बशीत टोस्टचा उरलेला तुकडा आणि जॅमने माखलेला चमचा. गाल भरले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग आज काय घडलंय ते आठवून पुन्हा पडला. "बस," ते म्हणाले. "गेला गं. ताठच गेला असेल मेला. झोपतानासुद्धा ताठ झोपायचा, मी एका खोलीत काढलीत वर्षं." ते हसले आणि डोळे पुसले. "ऐक, मी असं बोलणार आहे. म्हणजे लिहून नाही, असंच उभं राहून. म्हणणार, की आमचं भांडण सगळ्यांना माहीत आहे, पण ते कसं मिटलं ते कुणाला माहीत नाही. म्हणणार, की मी याला फोन केला, नवा आकडा सांगितला, आणि हा माणूस क्षणभर थांबून म्हणाला, मग माझं चुकलं. एवढ्या वयात, एवढ्या वर्षांच्या हट्टानंतर! माझ्याकडून झालं नसतं ते. चूक मान्य करायला त्याच्याएवढी छाती लागते, असं मी सगळ्यांसमोर सांगणार. बरं वाटेल ना वहिनींना?"

तिने डोळ्यांपुढे ते सभागृह आणलं. भिंतीशी काटकोनांचा फोटो, पुढच्या रांगेत त्यांची बायको, मागे सगळे जाणते लोक. आणि सर, काठीवर हात ठेवून, प्रेमाने, भरल्या गळ्याने सांगतायत की हा माणूस जन्मभर चुकला होता.

"सर, ते म्हणू नका."

"का? खरं आहे ते."

"खरं नाही, सर. आकडा हलला."

सरांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "हलला म्हणजे?"

"चौथ्या पायरीवर हलला. पाचव्यावर तुमच्या जवळजवळ दुप्पट झाला. पुढे जागचा हलला नाही. बसलाय. मी सगळ्या बाजूंनी पुन्हा करून पाहिलं."

"दुप्पट," सर म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे ओठ किंचित हलत होते. ते मनात भागाकार करत होते, वर्गात फळ्यासमोर करत तसा. "म्हणजे धातू निम्मा."

"हो."

"म्हणजे तारा चारचौघांसारखा."

"हो, सर."

तिला वाटलं सर आता छातीला हात लावतील, आता घाम फुटेल, आता लेकीला हाक मारावी. पण तसं काही झालं नाही. उलट त्यांची पाठ खुर्चीपासून सुटून पुढे आली. "माझ्या आकड्याशी कितव्या पायरीवर जुळला होता?" त्यांनी विचारलं. हा आवाज तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "तिसऱ्या," ती म्हणाली. "तिसऱ्या! दोन डोंगरांची वजाबाकी करून उंदीर शोधायचा आणि तो तू तिसऱ्या पायरीवर शोधलास? पहिल्या वर्षाच्या पोरीने केलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं." तिला रडू यायला लागलं आणि त्यातच, लाज वाटावी असं, मोकळंही वाटलं. सर तिला रागावत होते. "तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग का सांगितलंस मला?"

"तुम्ही काही खात नव्हता, सर."

"खात नव्हतो म्हणून तारा श्रीमंत केलास?"

लेक दारात येऊन उभी होती. तिच्या हातात औषधाची वाटी होती. "बाबा, तिने तुमच्यासाठीच केलं ना ते. तुमच्याकडे बघवत नव्हतं आम्हाला."

"तू मध्ये बोलू नकोस," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काटकोनाने भर सभेत माझं हसं केलं. त्याचं तोंड बघवलं नाही मला इतकी वर्षं. पण त्या गाढवाने कधी मला दुबळा समजून हातचं राखलं नाही. आणि तुम्ही दोघींनी मला चमच्याने तारा भरवलात." त्यांनी समोरची बशी दूर सारली. जोरात नाही, पण चमचा खाली पडला आणि कुणीच तो उचलला नाही. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला कधी कळलं, आकडा हलल्याचं?"

हाच प्रश्न येणार होता. लिफ्टमध्ये, त्या पायरीवर, भाजीवालीसमोर, सगळीकडे ती याच प्रश्नाला चुकवत होती. "तुमच्याकडून गेल्यावर आठवड्याभरात," ती म्हणाली.

"आणि मी त्याला फोन केला तो?"

"त्यानंतर, सर."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तो जिवंत होता."

"हो."

सरांनी डोळे मिटले. मान खाली गेली, आणि त्या क्षणी ते पुन्हा म्हातारे दिसले, भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिला वाटलं, आता म्हणतील, जा. तिला ते चाललं असतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, पुन्हा पाऊल ठेवू नकोस म्हटलं असतं, तरी ती आनंदाने गेली असती, शिक्षा घेऊन माणूस जातो तशी. पण सर म्हणाले, "मी त्याला चुकलास म्हटलं. केवढा खूश होऊन म्हटलं मी." मग लेकीला म्हणाले, "फोन दे." लेक म्हणाली, "बाबा, आज नको. आज त्यांच्या घरी…" "फोन दे म्हटलं ना."

नंबर त्यांना पाठ होता. इतक्या वर्षांत एकदाच लावलेला नंबर त्यांनी न अडखळता लावला. पलीकडे बऱ्याच वेळाने कुणी उचलला. "वहिनी," सर म्हणाले आणि थांबले. "हो. हो, येणार. नाही, मी ठीक आहे… वहिनी, एक जण तुमच्याशी बोलणार आहे. आताच बोलायला हवं. ऐकून घ्या." आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "मी सांगितलं तर ते माझं मोठेपण होईल," ते म्हणाले. "आकडा तुझा आहे."

फोन गरम होता, सरांच्या हाताचा. पलीकडे माणसांची ये-जा ऐकू येत होती, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला चादरी कुठे आहेत म्हणून विचारत होतं. "काकू, मी…" ती म्हणाली. पण काकूंनीच धागा उचलला. आवाज रडून रडून सपाट झालेला होता. "तो आकडा काढलास ती तूच ना गं? सावकाशबाई. ओळखलं मी. फार कौतुक होतं त्यांना तुझं. म्हणायचे, बाकी कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, पण ती कधी घाई करत नाही, ती सांगते म्हणजे तपासूनच सांगत असणार. म्हणून तर त्यांनी लगेच मान्य केलं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण एक विचारू का?" काकू म्हणाल्या. "तो फोन आल्यापासून ते सगळे जुने कागद काढून बसले होते. आपलं कुठे चुकलं ते बघतो म्हणाले. जेवायला हाक मारली की, थांब, आता सापडतंय. झोपायला हाक मारली की, थांब. मी म्हटलं, अहो, आता काय करायचंय शोधून? तर म्हणाले, चुकलो त्याचं काही नाही, पण कुठे ते कळल्याशिवाय कसं चालेल? नाही सापडलं शेवटपर्यंत. काल संध्याकाळी लहान मुलासारखे हिरमुसले होते." कुणीतरी त्यांना काही विचारलं, त्यांनी थांब म्हटल्याचं ऐकू आलं. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तू हुशार आहेस, तुला माहीत असेल. कुठे चुकलं होतं गं त्यांचं?"

"कुठेच नाही, काकू," ती म्हणाली. "त्यांचं कुठेच चुकलं नव्हतं. ते बरोबर होते. पहिल्यापासून."

पलीकडे खुर्च्यांचा आवाज चालू होता. मग एक दार लावल्यासारखं वाटलं आणि तो आवाज थांबला. आता नुसता काकूंचा श्वास ऐकू येत होता.

"मग त्यांना चुकलं म्हणून कुणी सांगितलं?" काकूंनी विचारलं.

सरांना तो प्रश्न ऐकू गेला असावा. त्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने फोन दिला नाही.

"मी," ती म्हणाली.